एकटा भीम आणि समोर साम्राज्य : नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर

शाळेच्या गॅदरिंगमध्ये पावनखिंड बसवायची ठरली की पहिली अडचण येते ती सैन्याची. बाजीप्रभू एक मिळतो. पण शत्रूचे हजारो सैनिक आणायचे कुठून? मग वर्गातली चार-पाच मुलं घ्यायची. ती एका विंगेतून ओरडत येतात, बाजीप्रभूचा वार खाऊन दुसऱ्या विंगेत कोलमडतात, पडद्यामागून धावत जाऊन पुन्हा पहिल्या विंगेतून शिरतात. समोर बसलेल्या प्रत्येकाला कळतं की ही तीच चार-पाच मुलं आहेत. तरीही टाळ्या पडतात.

आता जरा विचार करा. टाळ्या कशाला पडतात? तलवारबाजीला? ती तर लाकडी पट्टीची असते. संख्येला? ती तर खोटी असते. टाळ्या पडतात त्या एका गोष्टीला. सगळे मागे सरकत असताना एक माणूस जागचा हलत नाही, हे आपल्याला बघायला मिळतं.

एकटा वीर आणि समोर अफाट संख्या, हा प्रसंग जगभरच्या रंगभूमीला आवडतो. जपानच्या काबुकी नाटकात एकच नायक उभा राहतो आणि भोवतीचे हल्लेखोर कोलांट्या घेत पडतात. शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या नाटकात तर सूत्रधारच प्रेक्षकांना विनंती करतो की एवढ्याशा जागेत दोन राज्यांच्या फौजा मावणार नाहीत, तेव्हा उरलेलं सैन्य तुम्ही मनात उभं करा. आपल्याकडे हा प्रसंग ज्या नाटककाराने सर्वांत धोकादायक करून दाखवला, त्याचा परिचय आज आपण करून घेणार आहोत. धोकादायक अशासाठी की त्याच्या नाटकातल्या एकट्या वीराला प्रत्यक्ष ब्रिटिश सरकार घाबरलं. त्या नाटककाराचं नाव कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि त्या नाटकाचं नाव 'कीचकवध'.

सांगलीचा मुलगा

खाडिलकरांचा जन्म नोव्हेंबर १८७२ मध्ये सांगलीला झाला. सांगली म्हणजे मराठी नाटकाचं माहेर. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' हा खेळ केला आणि तिथून मराठी रंगभूमीची सुरुवात मानली जाते. भाव्यांच्या त्या पौराणिक खेळांत देवपार्टी आणि राक्षसपार्टी असायची. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, राळेचा भपका उडायचा, तलवारी खणखणायच्या आणि शेवटी एकटा देव साऱ्या राक्षसांना लोळवायचा. लोकांना मजा यायची. पण घरी जाताना कुणाच्या मनात प्रश्न येत नसे, कारण देव जिंकणार हे आधीच ठाऊक असायचं. देवाला भीती नसते. आणि ज्याला भीतीच नाही, त्याच्या धैर्याचं कौतुक ते काय?

हा फरक लक्षात ठेवा. खाडिलकरांनी पुढे जे केलं ते याच ठिकाणी केलं. पुराणातली गोष्ट त्यांनी तीच ठेवली, पण तिच्यातली भीती खरी केली.

सांगलीत शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि बी. ए. झाले. तिथे शेक्सपिअर त्यांनी मन लावून वाचला. विशीत असतानाच त्यांनी 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' हे नाटक लिहिलं. त्यात शेक्सपिअरच्या शोकांतिकांचा अभ्यास स्पष्ट दिसतो. शिकून झाल्यावर काही काळ ते सांगलीत शिक्षक होते. म्हणजे बघा, आपल्याच व्यवसायातला माणूस! त्यांनी कायद्याचाही अभ्यास केला. पण ते रमले ते वकिलीत नाही, तर लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'त. १८९७ च्या सुमारास ते 'केसरी'त आले आणि पुढे टिळकांचे अगदी विश्वासू सहकारी झाले.

नेपाळातला कौलांचा कारखाना

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाडिलकर काही काळ नेपाळात जाऊन राहिले. तिथे त्यांनी कारखाना काढला तो घरावर घालायच्या कौलांचा. वरून कौलं, आतून मात्र बेत वेगळाच होता. पुढेमागे इंग्रजांविरुद्ध उठाव करायची वेळ आली तर शस्त्रं लागतील आणि ती बनवण्याची सोय हिंदुस्थानाबाहेर करता येते का, हे बघायचं होतं. बेत तडीला गेला नाही आणि खाडिलकर परत आले.

नाटक लिहिणारा माणूस स्वतःच दुसऱ्या वेशात वावरला, खरं काम लपवून दुसरंच काम करत राहिला. पुढे त्यांनी 'कीचकवधा'साठी महाभारतातला कोणता भाग निवडला, ठाऊक आहे? पांडवांचा अज्ञातवास. म्हणजे वेश बदलून, नाव लपवून, दुसऱ्याच्या राज्यात काढलेलं एक वर्ष. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं खाडिलकरांनी कुठे म्हटल्याचं मी सांगत नाही. पण ओळख लपवून जगणाऱ्याच्या मनाची घुसमट त्यांनी बाहेरून बघून लिहिलेली नव्हती, एवढं नक्की.

मूळ गोष्ट काय आहे?

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी थोडक्यात उजळणी करू.

पांडवांना बारा वर्षं वनवास आणि तेरावं वर्ष अज्ञातवास. त्या वर्षात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं वनात. म्हणून ते मत्स्य देशाच्या विराट राजाकडे नोकरीला राहिले. युधिष्ठिर झाला कंक, राजाबरोबर सोंगट्या खेळणारा. भीम झाला बल्लव, म्हणजे आचारी. अर्जुन बृहन्नडा बनून नाच शिकवू लागला. नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे. आणि द्रौपदी झाली सैरंध्री, राणी सुदेष्णेची वेणीफणी करणारी दासी.

राणीचा भाऊ कीचक हा विराटाचा सेनापती. राज्य नावाला विराटाचं, सत्ता कीचकाची. त्याची नजर सैरंध्रीवर गेली. तिने नकार दिला. ती पळत राजसभेत आली, तर कीचकाने भर सभेत तिला लाथ मारली. राजा गप्प. सभा गप्प. आणि कंकाच्या वेशात बसलेला तिचा स्वतःचा नवराही गप्प, कारण बोललं तर ओळख फुटेल.

त्या रात्री द्रौपदी उठली आणि स्वयंपाकघरात झोपलेल्या भीमाकडे गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. महाभारतात भीमाने कीचकाला रात्रीच्या अंधारात नृत्यशाळेत गाठून मारलं. दुसऱ्या दिवशी कीचकाचे भाऊबंद, म्हणजे उपकीचक, सैरंध्रीला बांधून कीचकाच्या चितेवर जाळायला निघाले. तेव्हा भीमाने एक झाड उपटलं आणि एकट्याने त्या १०५ जणांना मारलं. कीचक धरून १०६.

एकटा विरुद्ध १०६! हा आकडा ऐकून छान वाटतं. पण मुलांनो, मला तुमचं लक्ष आकड्याकडे नाही, तर त्याच्या आधीच्या प्रसंगाकडे वळवायचं आहे. झाड उपटण्याएवढी ताकद भीमात पहिल्या दिवसापासून होती. ती ताकद दहा महिने स्वयंपाकघरात पीठ मळत बसली होती. ती जागी कशाने झाली? एका बाईने गप्प बसायला नकार दिला, म्हणून.

१९०७ : रंगमंचावर कोण उभं होतं?

'कीचकवध' १९०७ साली रंगमंचावर आलं. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते केलं. नाटक गद्य होतं, म्हणजे त्यात गाण्यांचा थाट नव्हता. लोकांना धरून ठेवायचं ते केवळ संवादांनी. खाडिलकरांनी एक बदल केला. कीचकाचा वध त्यांनी नृत्यशाळेतून उचलून भैरवाच्या देवळात नेला. अन्यायाचा शेवट देवासमोर व्हावा, अशी ती मांडणी.

पण लोक खरंच कीचकाला बघायला येत होते का?

तो काळ आठवा. लॉर्ड कर्झन हा १८९९ ते १९०५ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. त्याच्याच काळात १९०५ साली बंगालची फाळणी झाली. देशभर स्वदेशीची चळवळ पेटली. काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल असे दोन गट पडले आणि १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात ते उघडच वेगळे झाले. मवाळांचं म्हणणं, अर्ज-विनंत्या करू, धीर धरू. जहालांचं म्हणणं, अर्ज पुष्कळ झाले.

आता नाटकाकडे बघा. दूर बसलेला, दुबळा, सेनापतीपुढे मान तुकवणारा राजा विराट. त्याच्या नावाने मनमानी करणारा कीचक. भर सभेत अपमानित झालेली, दासी बनून राहिलेली सैरंध्री. थोडं थांबू, वेळ येऊ दे, असं सांगणारा धर्मराज. आणि मुठी आवळून बसलेला भीम. नाटकात कर्झनचं नाव एकदाही येत नाही. फाळणीचा उल्लेख नाही, काँग्रेसचा नाही, इंग्रजांचा नाही. तरी थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की कीचक म्हणजे कोण, सैरंध्री म्हणजे कोण आणि भीम म्हणजे कोण.

हीच तर गंमत होती. सरकारने पकडायचं म्हटलं तर काय पकडणार? महाभारत? ते तर घरोघर वाचलं जात होतं.

मघाशी आपण गॅदरिंगच्या नाटकात शत्रूचं सैन्य कुठून आणायचं असं विचारलं होतं. खाडिलकरांनी तो प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवला. साम्राज्याची फौज रंगमंचावर आणायची गरजच नव्हती. ती रोज रस्त्यावर दिसत होती. तिची भीती प्रेक्षक घरून बरोबर घेऊनच आलेला असायचा. नाटककाराने फक्त त्या भीतीसमोर एक माणूस उभा केला.

नाटकावर बंदी

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवलं गेलं. 'केसरी'ची जबाबदारी खाडिलकरांवर आली. एका हाताने अग्रलेख, दुसऱ्या हाताने नाटक. १९०९ साली त्यांचं 'भाऊबंदकी' आलं, त्याबद्दल पुढे बोलू.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात नाटकाचा खेळ होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपासाठी तो ठेवलेला. तिथेच अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. सगळ्या मुंबई इलाख्यात धरपकड सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातली. लंडनच्या वर्तमानपत्रातसुद्धा या नाटकाबद्दल लिहून आलं. त्या लेखकाने प्रेक्षागृहातले ताणलेले चेहरे आणि बायकांचे ओले डोळे यांचं वर्णन केलं होतं. एका मराठी नाटकाची दखल साता समुद्रापलीकडे घेतली गेली ती अशी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नाशिकला त्या रात्री चालू असलेलं नाटक 'कीचकवध' नव्हतं. ते होतं गोविंद बल्लाळ देवल यांचं 'शारदा', म्हातारा नवरा आणि लहान मुलगी यांच्या लग्नाविरुद्ध लिहिलेलं सामाजिक नाटक. त्यात ना भीम, ना गदा. तरी बंदी आली ती भीमावर. सत्तेला पिस्तुलापेक्षाही टाळ्यांची भीती वाटते, असं मला वाटतं. पिस्तूल एका हातात असतं. टाळ्या सगळ्या सभागृहाच्या असतात.

पण दुसरी बाजूही तुमच्यापुढे मांडली पाहिजे, कारण तुम्ही विचार करणारे विद्यार्थी आहात. रंगमंचावर वध दाखवला, लोकांनी त्याला टाळ्या दिल्या, तर बाहेर कुणी तेच करायला जाईल, असं सरकारचं म्हणणं होतं. हा प्रश्न आजही संपलेला नाही. सिनेमा, मालिका, मोबाइलवरचे गेम यांच्याबद्दल आपण हेच बोलतो. याचं उत्तर आपल्याला खाडिलकरांच्या पुढच्या आयुष्यात शोधावं लागेल.

'कीचकवधा'वरची बंदी उठायला १९२६ साल उजाडलं. सोळा वर्षं. विचार करा, ज्या वर्षी बंदी आली त्या वर्षी जन्मलेलं मूल बंदी उठली तेव्हा मॅट्रिकच्या वयाचं झालं होतं.

तलवार नसलेले एकटे वीर

भीम सगळ्यांना आठवतो. पण खाडिलकरांच्या नाटकांत आणखी काही एकटे वीर आहेत आणि त्यांच्या हातात गदा नाही.

'भाऊबंदकी' घ्या. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खुनामागे चुलते रघुनाथराव होते आणि आता तेच पेशवे होते. सैन्य त्यांचं, खजिना त्यांचा, दरबार त्यांचा. समोर एकटे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि पद सोडून निघून गेले. एकही वार नाही, रक्ताचा थेंब नाही. तरी मराठी माणसाला आज विचारा की त्या दिवशी कोण जिंकलं. रघुनाथराव असं कुणी म्हणणार नाही.

'विद्याहरण' (१९१३) घ्या. देवांचा कच एकटा असुरांच्या गोटात जातो. लढायला नाही, शिकायला. शुक्राचार्यांकडून संजीवनी विद्या मिळवायला. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात, तरी तो टिकून राहतो. याच नाटकात दारूमुळे थोर विद्वानाचासुद्धा कसा घात होतो, हेही खाडिलकरांनी दाखवलं.

'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) ही त्यांची संगीत नाटकं तर तुमच्या आजी-आजोबांना गाण्यांमुळे ठाऊक असतील. पहिल्याला गोविंदराव टेंबे यांच्या चाली, दुसऱ्याला भास्करबुवा बखले यांच्या. 'मानापमाना'त धनवान लक्ष्मीधर आणि गरीब पण शूर धैर्यधर असे दोघं. श्रीमंतीपुढे मान न वाकवणारा धैर्यधर शेवटी भामिनीचं मन जिंकतो. 'स्वयंवरा'त रुक्मिणीचं लग्न भावाने शिशुपालाशी ठरवलं आहे. सारे राजे एका बाजूला. पण रुक्मिणी आपला निर्णय आपण घेते आणि कृष्णाला कळवते.

आता हे सगळं एका ओळीत ठेवून बघा. द्रौपदी, रामशास्त्री, कच, धैर्यधर, रुक्मिणी. यांतल्या प्रत्येकाच्या विरोधात संख्या आहे, पैसा आहे किंवा सत्ता आहे. पण शारीरिक ताकद हे फक्त भीमाचं शस्त्र आहे. बाकीच्यांचं शस्त्र एकच : नकार. म्हणून मी म्हणतो की खाडिलकरांचा एकटा वीर जिंकतो तो दंडाच्या बळावर नाही. संख्येची ताकद असते ती गप्प बसलेल्या लोकांत. एकाने तोंड उघडलं की ती ताकद गळू लागते.

रंगभूमीच्या बाहेर

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा खाडिलकरांनी त्यावर सविस्तर लेखन केलं. युरोपातल्या रणांगणांची माहिती मराठी वाचकाला त्यांच्या लेखांतून मिळू लागली. १९२० च्या १ ऑगस्टला टिळक गेले. पुढे कुणी कुठल्या वाटेने जायचं, यावर टिळकांच्या अनुयायांत मतभेद झाले. खाडिलकरांनी 'केसरी' सोडला, ते मुंबईला आले आणि त्यांनी वाट धरली ती महात्मा गांधींची.

थांबा, हे पुन्हा वाचा. ज्याने नेपाळात शस्त्रांचा बेत केला, ज्याने रंगमंचावर भीम उभा केला, तोच माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर अहिंसेच्या चळवळीचा पाठीराखा झाला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमाना'चा प्रसिद्ध संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एरवी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मालक, त्या रात्री एका रंगमंचावर भामिनी आणि धैर्यधर म्हणून उभे राहिले. नाटक तेच, पण आता त्याचे पैसे स्वराज्याच्या कामाला.

१९२३ साली खाडिलकरांनी मुंबईत 'नवाकाळ' हे दैनिक सुरू केलं. १९२९ साली त्यातल्या लेखनाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना एका वर्षाची शिक्षा झाली. सत्तावन्नाव्या वर्षी तुरुंग! पुढे 'नवाकाळ' त्यांच्या चिरंजीवांनी सांभाळला. १९३३ साली नागपूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आयुष्याच्या शेवटच्या काळात ते अध्यात्माच्या अभ्यासाकडे वळले, उपनिषदांवर लिहू लागले.

मघाचा प्रश्न आठवतो ना? रंगमंचावरचा वध बघून लोक हिंसा शिकतात का? खाडिलकरांकडे बघून मला जे उत्तर सुचतं ते असं. साधन बदलता येतं, त्यांनी ते बदललं. पिस्तूल, गदा, लेखणी, सत्याग्रह, कोणता मार्ग योग्य हे काळ आणि विवेक ठरवतो. पण अन्याय दिसला तर गप्प बसायचं नाही, ही गोष्ट त्यांनी बदलली नाही. नाटकातून घरी न्यायची असेल तर ती न्यावी. झाड उपटायची कल्पना तिथेच रंगमंचावर ठेवून यावी.

मुदखेडच्या मुलांनी हे का वाचायचं?

आता तुम्ही म्हणाल, सर, सांगलीचा माणूस, पुण्या-मुंबईची नाटकं, आपला काय संबंध?

संबंध आहे. 'कीचकवध' १९०७ साली आलं तेव्हा आपलं मुदखेड, आपला नांदेड जिल्हा, हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपल्याकडे तिरंगा लावणं हा गुन्हाच होता. खाडिलकर २६ ऑगस्ट १९४८ ला वारले. म्हणजे स्वतंत्र भारत त्यांनी बघितला. पण त्या दिवशी मराठवाडा स्वतंत्र नव्हता! मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. खाडिलकर गेल्यावर बावीस दिवसांनी.

आपल्या स्टेशनवरून निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की उमरी लागतं. ३० जानेवारी १९४८ ला या उमरीत मुक्तिलढ्यातल्या सैनिकांनी बँकेवर छापा घातला. लढ्यासाठी पैसा हवा होता म्हणून. नंतर त्या पैशाचा चोख हिशोब ठेवला गेला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. या कामात एक भीम नव्हता. वाट दाखवणारा कुणी, निरोप पोचवणारा कुणी, लपायला जागा देणारं कुणी, रात्री भाकरी करून देणारी कुणी माउली. त्यांतल्या कितीतरी जणांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

आणि इथे नाटक आणि इतिहास यांतला फरक कळतो. नाटकात शंभरावर एक भारी पडतो, कारण नाटकाला तीन तासांत गोष्ट संपवायची असते आणि प्रेक्षकाची नजर एका माणसावर खिळवायची असते. प्रत्यक्षात एकटा माणूस सुरुवात करतो. शेवट करतात ते अनेक जण. 'कीचकवध' हे नाटकसुद्धा एकट्या खाडिलकरांचं नव्हतं. भीमाचं काम करणारा नट होता, पडदा ओढणारा होता, पेट्रोमॅक्सपूर्वीच्या काळात दिवे सांभाळणारा होता, आणि सरकारी माणसाची नजर असतानाही तिकीट काढून आत बसणारा प्रेक्षक होता. त्या प्रेक्षकाचं धैर्य काय कमी होतं?

तुमच्या वर्गातही कधी कधी छोटी राजसभा भरते. चार जण मिळून एकाला चिडवतात. कुणाच्या घरच्या गरिबीवर, कुणाच्या बोलीवर, कुणाच्या जातीवर. बाकीचे चाळीस जण वहीत डोकं घालून बसतात. ते चाळीस वाईट नसतात, घाबरलेले असतात. चौघांची ताकद त्या चाळिसांच्या गप्प बसण्यात असते. अशा वेळी झाड उपटायची गरज नाही. एकाने उठून बस्स म्हणायचं असतं. दुसरा लगेच त्याच्या शेजारी उभा राहिला, तर तो पहिला एकटा राहत नाही.

पुढच्या गॅदरिंगला पावनखिंड बसवाल तेव्हा विंगेतून चार मुलं जरूर पळवा. पण बाजीप्रभूचं काम करणाऱ्या मुलाला एवढं सांगा की तलवार जोरात फिरवली नाही तरी चालेल, पाय हलवू नकोस.

स्वाध्याय

१. भावे यांच्या पौराणिक खेळातला देव आणि खाडिलकरांचा भीम यांत काय फरक आहे? तुमच्या शब्दांत लिहा.

२. 'कीचकवधा'त इंग्रजांचा उल्लेख नसतानाही सरकारने त्यावर बंदी का घातली असेल?

३. रामशास्त्री प्रभुणे यांना वीर म्हणावं का? कारण द्या.

४. मराठवाडा मुक्तिसंग्रामात निनावी राहून मदत केलेल्या एखाद्या व्यक्तीबद्दल घरातल्या किंवा गल्लीतल्या वयस्कर माणसांना विचारा आणि दहा ओळी लिहून आणा.